काय नाय केलं

बापूंच्या पडवीला बंदूक घेऊन येणारा माणूस आधी मोटारसायकल सावलीला लावतो आणि मग मागे आडवं बांधलेलं गोधडीचं बोचकं अशा हातानं सोडवतो, की जणू तापानं फणफणलेलं पोर दवाखान्यात आणलंय. बापू बोचक्याकडे बघत नाहीत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून ते माणसाकडे बघतात.

"काय होतंय?"

"लागत नाय बापू. परवापोतर एकदम ठिपक्यावर लागत व्हती. आता डावीकडंच चाललीय."

"परवा काय केलं?"

"मी? काय नाय केलं."

बापू मान डोलावतात, खुंटीला दोरीनं बांधलेली वही काढतात आणि लिहितात: का. ना. के.

या वहीत पाच रकाने आहेत. तारीख, मालक, तक्रार, 'काय केलं होतं' आणि शेवटचा 'खरं काय'. पहिल्या दोन पानांवर चौथ्या रकान्यात 'काय नाय केलं' असं पूर्ण लिहिलेलं सापडतं. तिसऱ्या पानापासून बापूंनी शाई वाचवायला सुरुवात केली. पाचवा रकाना मात्र वाचावा असा आहे. 'मेव्हण्याने स्क्रू पिळला.' 'नळीत खोबरेल.' 'गाडीवरून पडली, घरी माहीत नाही.' 'छर्रे बदलले, स्वस्तातले.' 'पोराने आतली स्प्रिंग बघायला खोलली, एक वायसर अजून सापडत नाही.' एका नोंदीपुढे नुसतं 'साखरपुडा' एवढंच आहे. त्या गड्याची बंदूक ठणठणीत होती. तीन आठवडे छर्रे कागदभर पांगत होते ते वेगळ्याच कारणानं.

बापू मूळचे फिटर. डिंभे धरणाचं पाणी आलं, ऊस आला आणि दत्तात्रयनगरला भीमाशंकर साखर कारखाना उभा राहिला, त्यात बापूंची नोकरी झाली. गाळप चालू असलं की तीन पाळ्यांत कुठल्याही तासाला त्यांना उठवून न्यायचे. वाफ गळतीय, व्हॉल्व्ह बसत नाही, बेअरिंग तापलंय. हंगामात बापू फुललेले असायचे. पट्टा पडला, गाळप थांबलं आणि सगळी यंत्रं गप्प झाली की ते पडवीत अशा चेहऱ्यानं बसायचे, की काकू शेजारणीला सांगायच्या, "यांना बरं नाही, कारखाना नीट चाललाय." निवृत्तीनंतर तर गावात बिघडण्यासारखं उरलंच किती? मोटारीचा स्टार्टर, पिठाची गिरणी, देवळाचा भोंगा. हे सगळं वर्षभरात नीट करून झालं आणि बापू आजारी पडायच्या बेताला आले. तेवढ्यात बंदुका आल्या.

म्हणजे एक बंदूक पूर्वीही येऊन गेली होती. यात्रेत फुगे फोडायचं दुकान लावणारा एक जण दरवर्षी यायचा. फळीवर फुग्यांच्या ओळी, समोर टेबल, टेबलावर एअर गन. त्या वर्षी तिची पुढची साइट हलत होती, म्हणून तो ती घेऊन बापूंकडे आला. बापूंनी साइट बसवलीच, शिवाय नळी डोळ्यासमोर धरून बघितली तर ती जराशी उजवीकडे झुकलेली. बापूंना हे सहन होण्यासारखं नव्हतं. रात्री जागून त्यांनी नळी सरळ केली, दस्त्याचे स्क्रू आवळले, चामडी वायसरला तेल पाजलं आणि सकाळी बंदूक परत दिली. पैसे घेतले नाहीत. दुपारी फुगेवाला रडकुंडीला येऊन दारात उभा. "काय केलंत हे? सकाळपासून जो तो धा-धा फुगे फोडून बक्षिसं नेतोय! धंदा बसला माझा. पहिल्यासारखी करून द्या."

"म्हणजे बिघडवून देऊ?" बापूंनी विचारलं.

आयुष्यात त्यांचा इतका मोठा अपमान कुणी केला नव्हता. त्यांनी साफ नाही म्हटलं. फुगेवाल्यानं मग स्वतःच बंदूक खांबावर एकदा आपटली आणि धंदा सावरला. बापू ही गोष्ट अजून सांगतात, आणि खांबाचा भाग आला की डोळे मिटून घेतात.

खरा पूर आला तो २०२४ च्या ऑगस्टनंतर. १ ऑगस्टला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण करून ब्राँझ घेतलं. कांबळवाडीसारख्या कोल्हापूरकडच्या छोट्या गावातला पोरगा, तेव्हा रेल्वेत टीसी. कोल्हापूरनं त्याआधी तेजस्विनी सावंत दिली होती, राही सरनोबत दिली होती. आमच्याकडे मात्र तोवर नेमबाजी म्हणजे टीव्हीवर दिसणारी गोष्ट होती. एकदम प्रत्येक बापाला आपल्या पोराचा डोळा तीक्ष्ण असल्याचा साक्षात्कार झाला. आमच्या शाळेकडे दोन जुन्या स्प्रिंगच्या एअर रायफली धूळ खात होत्या, त्या निघाल्या. जागा पाहिजे होती १० मीटरची. ती एकाच्या रिकाम्या कांद्याच्या बराखीत मिळाली. शेवटच्या भिंतीला लोखंडी पत्रा, त्यापुढे गोणपाटांची चवड, दार एकच आणि त्याला आतून कडी. कांदा भरला की सराव बंद. बाजारभाव पडून कांदा बराखीतच राहिला, तर पोरांचा हंगाम गेला म्हणून समजायचं.

आणि बंदुका बिघडू लागल्या. देवाची करणी.

बापू फक्त छऱ्याच्या, हवेवर चालणाऱ्या रायफलींना हात लावतात. दारूगोळ्याच्या हत्याराची दुरुस्ती करायची तर सरकारचा वेगळा परवाना लागतो, ते काम परवानेवाल्याचं. पडवीत आलेल्या कुठल्याही बंदुकीची नळी आधी भिंतीकडे, मग ती उघडायची, मग आत छर्रा नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, आणि मग नळीतून आरपार एक नारिंगी दोरी घालायची. हत्यार रिकामं असल्याची ती खूण, स्पर्धेतही असाच दोरा दिसला पाहिजे असा नियम आहे. बापूंची दोरी गवत कापायच्या यंत्राची आहे. ती आत जाईपर्यंत ते कुणाचं 'रामराम'सुद्धा घेत नाहीत.

आमच्याकडे उसात बिबट्या असतो, वानरं असतात, त्यामुळे काही गिऱ्हाइकं भलतीच मागणी घेऊन येतात. "बापू, जरा ताकद वाढवून द्या की हिची." बापू त्यांना बसवतात, चहा देतात आणि हिशेब मांडतात. साडेचार मिलिमीटरचा छर्रा, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला १७० मीटर. म्हणजे साडेसात ज्यूल. एवढ्यात ऑलिंपिकचं सोनं मिळतं. "तुला कशाला जास्ती पायजे? बिबट्याला छर्रा मारशील तर त्यो चिडंल, आणि वानराला मारशील तर मी चिडीन." वानराच्या अंगावर छर्रा सोडणाऱ्याची बंदूक त्यांनी नुसती परत केली असं नाही, पाचव्या रकान्यात त्याच्या नावापुढे लिहिलं, 'मालक बिघडलेला. सुटा भाग मिळत नाही.'

सुट्या भागांवरून आठवलं. आमच्या बाजूला पारगाव एक नाही. जुन्नर तालुक्यात पारगाव तर्फे आळे आहे, आंबेगाव तालुक्यात आमचं आहे, आणि जिल्ह्यात दुसरीकडेही आहेत. बापूंनी मागवलेलं रबरी सीलचं पाकीट हमखास आळ्याकडच्या पारगावला जातं. तिकडचा एक दुकानदार आता ते उघडूनही बघत नाही, मंचरला बाजारासाठी येताना घेऊन येतो आणि विचारतो, "बापू, ही काळी वेटोळी असतात कसली? आमच्या हिला वाटलं बांगड्या." मिलिमीटरच्या जाडीचं ते रबरी कडं कधी आठवडाभर दोन तालुके फिरून येतं. पण त्याच्यावाचून लाखाची रायफल नुसती काठी.

बापूंची तपासायची रीत ठरलेली आहे आणि तिच्यात घाई बसत नाही. छर्रे पांगतात अशी तक्रार असली की पहिलं काम, माणूस बाजूला. बंदूक गोधडीच्या घडीवर टेकवायची, पाच छर्रे मारायचे. पाचही एका भोकात गेले तर बंदूक निर्दोष, आता माणसाची दुरुस्ती. त्यात चष्म्याचा नवा नंबर निघतो, रात्रीचं जागरण निघतं, एकदा तर दाढी निघाली. पोरानं नवसाची दाढी वाढवली होती, गाल दस्त्यावर रोजच्या जागी बसत नव्हता आणि डोळा साइटच्या मागे जरा वर राहत होता.

पाच छर्रे टेकवूनही पांगले तर मग बंदुकीची पाळी. दस्त्याचे स्क्रू. स्प्रिंगची बंदूक दर छऱ्याला दोन झटके देते, एक मागे, एक पुढे, आणि हे झटके स्क्रू ढिले करतात. मग साइट हलते का. मग नळीचं तोंड. तिथल्या कडेला बारीकसा खवला उडालेला असला तरी छर्रा बाहेर पडताना एका अंगानं हवा खातो. मग छर्रे. स्पर्धेचा छर्रा पुढून चपटा असतो, कागदाला पंच मारल्यासारखं गोल भोक पडावं म्हणून. त्याच्या डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा मिलिमीटरच्या शंभराव्या भागानं बदलतो आणि एकेका नळीला एकेक मानवतो. "सर, सासू-सुनेचं असतंय हे," बापू म्हणतात, "दोघी चांगल्या असतात. जमत नाय एवढंच."

या सगळ्यात त्यांचा एकच कायदा: एका वेळी एकच गोष्ट हलवायची, आणि हलवली की लिहायची. स्क्रू आवळला, छर्रे बदलले आणि साइट फिरवली, असं तिन्ही एकदम केलं आणि बंदूक नीट झाली, तर बापूंच्या लेखी ती नीट झालेलीच नाही. कारण कशानं झाली ते कळलं नाही. हे त्यांना आजारापेक्षा वाईट वाटतं.

वेग मोजायचं यंत्र त्यांच्याकडे नाही. त्याऐवजी कपडे धुण्याच्या साबणाची वडी आहे. ठरलेल्या अंतरावरून तीत छर्रा मारायचा, भोकात आगकाडी घालायची आणि काडीवर नखानं खूण करायची. चांगल्या दिवसाची काडी आणि आजची काडी शेजारी धरली की ताकद किती उतरली ते दिसतं. काकूंच्या मोरीतल्या साबणाला म्हणूनच नेहमी शिसं लागलेलं असतं. "धुणं धुताना हाताला छर्रे लागतात," काकू म्हणतात. "पेशवाईत लग्न लावून दिलं माझं."

आता माझं. वहीत मीही आहे. पान अकरा.

शाळेच्या एका रायफलीचा जोर कमी झाला होता. आतली वायसर सुकली की असं होतं. सायकलच्या पंपात नाही का, चामडं सुकलं की हवा मागेच पळते. माझ्या मनात आलं, एवढ्यासाठी बापूंना कशाला. घरी शिलाई मशीनचं तेल होतं. हवेच्या भोकातून चार-पाच थेंब सोडले. थोडे जास्तच गेले असतील. बराखीत जाऊन चाप ओढला तर छर्रा जायच्या आधी माझाच जीव गेल्यासारखं झालं. धाडकन आवाज, नळीतून निळसर धूर, आणि वास असा की ट्रॅक्टर चालू झाला वाटावा. पोरं खूश. "सर, परत!"

बंदूक बापूंपुढे ठेवली. त्यांनी विचारलं, आणि मी, पंचवीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवणारा माणूस, म्हणालो, "काही नाही केलं."

बापूंनी नळी नाकाशी नेली. अत्तराची कुपी हुंगावी तशी हुंगली.

"शिलाई मशीनचं. नवी बाटली."

मग त्यांनी समजावून सांगितलं. स्प्रिंग सुटली की पुढची हवा एका क्षणात एवढी दाबली जाते, की ती तापते. त्यात तेलाची वाफ असली की पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, तिथंही हेच घडतं. यात छर्रा कधी वर जातो, कधी खाली, सील जळतं, स्प्रिंग तुटते. "तुम्ही बंदुकीचा ट्रॅक्टर केला सर," ते म्हणाले आणि चौथ्या रकान्यात माझ्यादेखत तीन अक्षरं लिहिली. पाचव्यात काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. मी नंतर चोरून बघितलं. 'सर. तेल. (खोटं चांगलं बोलता येत नाही.)'

माझ्यासारख्या खोटारड्यांमुळेच नेलपॉलिशची युक्ती निघाली. बंदूक नीट करून देताना बापू प्रत्येक महत्त्वाच्या स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूपर्यंत एक बारीक लाल रेघ ओढतात. स्क्रू जराही फिरला तर रेघ तुटते. कारखान्यातही नटांवर रंगाची अशी रेघ मारायचे. बाटली काकूंची, भाच्याच्या लग्नाला घेतलेली. त्या लग्नात त्यांनी ती लावली असेल तेवढीच. पुढं सगळ्या तालुक्यातल्या बंदुकांची नखं रंगली. आता गिऱ्हाईक "काय नाय केलं" म्हणालं, की बापू भिंग काढतात, स्क्रूवर धरतात आणि भिंग त्याच्याच हातात देतात. काही बोलत नाहीत. मी पाहिलंय, साठ वर्षांचा माजी सरपंच त्या भिंगातून बघून नंतर जमिनीकडे बघत होता.

बापूंचा खरा अभ्यास मात्र परगावच्या बिघाडांचा. त्यांना विजेत्यांची नावं नीट आठवत नाहीत, बिघाड तोंडपाठ. २५ जुलै २०२१, टोकियो. मनू भाकर एअर पिस्तूलची पात्रता फेरी खेळत असताना पिस्तूल बिघडलं. ते दुरुस्त होईस्तोवर पंधरा-वीस मिनिटं गेली आणि घड्याळ तिच्यासाठी थांबलं नाही. ५७५ गुण, बारावा नंबर, फायनल दोन गुणांनी हुकली. बापू ही गोष्ट सांगताना हातातला पाना चाचपतात. आपण तिथं असतो तर, असं त्यांना म्हणायचं असतं. पॅरिसला तिनं दोन पदकं घेतली याचा आनंद त्यांना आहेच. पण त्या वेळी पिस्तूल नीट चाललं, त्यामुळे त्या गोष्टीत सांगण्यासारखं काही नाही.

त्याहून त्यांची लाडकी गोष्ट बीजिंगची, २००८ ची. अभिनव बिंद्रा फायनलला उभा राहिला, सरावाचा छर्रा मारला, आणि तो चारात. ज्या माणसाचा नऊ म्हणजे अपघात, त्याचा चार! पात्रता फेरी आणि फायनल यांच्यामधल्या वेळात साइट हललेली होती. त्यानं घाबरून बंदूक खोलली नाही, कुणावर ओरडला नाही. क्लिक फिरवत साइट जागेवर आणली आणि ७००.५ वर सोनं घेतलं. भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण.

इथवर सांगून बापू थांबतात. बोट वर करतात.

"पण साइट हलली कशी? मधल्या येळंत तिथं जे कोण असतील त्यांला इचारा. काय सांगतील?"

पडवीतली पोरं एका सुरात ओरडतात, "काय नाय केलं!"

माझी पुतणी या पोरांतली. आठवीत आहे. तिच्यासाठी माझ्या भावानं उसाच्या बिलातून वापरलेली मॅच रायफल घेतली, दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी. बापूंनी ती पहिल्यांदा बघितली तेव्हा वहीत काही लिहिलं नाही, नुसते बसून राहिले. सिलिंडरात २०० बार दाब. मोटारीच्या चाकात सव्वादोनच्या आसपास असतो. सिलिंडरवर तारीख ठोकलेली असते, दहा वर्षं झाली की तो बाद. "ह्याला आपण हात लावायचा नाय," बापूंनी स्वतःलाच बजावलं. "बाहेरून साबणाचा फेस लावून गळती बघायची, तेवढीच आपली फिटरकी. आत कंपनीचा माणूस." दस्ता, साइट, चाप यांची देखभाल तेवढी त्यांच्याकडे. चार स्क्रू, चार लाल रेघा. अर्ध्या मिलिमीटरचा दहाचा ठिपका, राजगिऱ्याच्या दाण्याहून बारीक, आणि पोरगी त्याच्या आसपास इतकी नेमानं मारायची, की चार महिने बापूंना त्या रायफलीत काही करायला मिळालं नाही.

चार महिने. कारखाना नीट चालला की ते कसे दिसायचे ते मी वर सांगितलंच आहे.

जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी ते म्हणाले, "आज रातच्याला माझ्याकडं ठिवा. नजर टाकतो नुसती." सकाळी साडेपाचला पडवीत आले तेव्हा रायफल पेटीत, पेटीला कुलूप, आणि बापू अंघोळ करून, टोपी घालून तयार. डोळे मात्र रात्रपाळी करून आल्यासारखे. मंचरहून पुण्याची एसटी धरली. रस्ताभर त्यांनी पेटी मांडीवर ठेवली होती, आणि कंडक्टरनं आत काय आहे विचारल्यावर "नातीचं स्थळ" असं काहीतरी सांगितलं.

रेंजवर कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक टार्गेट. छर्रा लागला की शेजारच्या पडद्यावर ठिपका उमटतो. आम्ही दोघं मागच्या खुर्च्यांवर. सरावाची १५ मिनिटं सुरू झाली. पहिला छर्रा ९.१, डावीकडे. दुसरा ९.२, डावीकडे. तिसरा त्या दोघांच्या उरावर. तिन्ही एका भोकात म्हणावेत असे, फक्त भोक भलत्या जागी.

बापूंचा चेहरा मी निरखत होतो. एरवी असं काही दिसलं की त्यांचे कान टवकारतात, अंगात वाफ भरते. आज ते टोपी काढून तिच्या आत बघत होते.

पोरगी रायफल टेकवून मागे आली. बापूंनी सवयीनं विचारलंच, "काय केलंस?"

"काय नाय केलं, बापू."

आता वहीत ही तीन अक्षरं शेकड्यानं असतील. पण हे वाक्य इतक्या सरळ डोळ्यांनी म्हटलेलं मी तरी पहिल्यांदा ऐकलं. बापूंनी नजर खाली घेतली. "क्लिक फिरव," ते पुटपुटले. "बीजिंगवानी."

तिनं फिरवले. चौथा १०.१, पाचवा १०.४. पुढचं सगळं शांतपणे झालं आणि तिची पुढच्या फेरीला निवडही झाली. भावाला फोन केला, पेढे घेतले. बापूंनी पेढा घेतला आणि खिशात ठेवला.

पेटी भरायला बसली तेव्हा तिनं नारिंगी दोरी घातली, फडक्यानं रायफल पुसली आणि दस्त्याच्या खालच्या स्क्रूपाशी तिचा हात थांबला.

"बापू, रेघ लाल होती ना?"

मी वाकून बघितलं. रेघ कुठंही तुटलेली नव्हती. उलट इतकी सरळ, इतकी ताजी रेघ मी बापूंच्या हातची कधी पाहिली नव्हती. फक्त ती गुलाबी होती आणि तिच्यात बारीक चमकी होती. काकूंची बाटली सुकली असणार. चमकीची बाटली त्या घरात एकट्या सूनबाईंकडे आहे.

"उजेड कमी हाय इथं," बापू म्हणाले.

परतीच्या एसटीत ते झोपले, म्हणजे डोळे मिटून बसले. राजगुरुनगर गेलं, पेठ गेलं, त्यांनी डोळे उघडले नाहीत. रात्री पेढ्यांचा पुडा घेऊन मी त्यांच्याकडे गेलो, तर ते दिव्याखाली वही घेऊन बसलेले. तारीख लिहून झाली होती. मालक लिहून झाला होता. तक्रार: डावीकडे. चौथ्या रकान्यात, वळणदार अक्षरात, का. ना. के. पाचव्या रकान्यावर पेन टेकवलेलं होतं आणि तिथं नुसतीच खरखर उमटत होती.

"काय झालं हो?" काकूंनी आतून विचारलं.

"पेन चालंना."

"आत्ता तर चालत होतं. काय केलंत त्याला?"

बापूंनी पेन कानाशी नेऊन हलवलं, टोपणाचा आटा एकदा आवळला, एकदा सैल केला, रिफिल उजेडात धरून बघितली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"काय नाय केलं."